आटत्या दुधापाशी

आमच्याकडे बासुंदी करायचं ठरलं की आई आदल्या दिवशी सकाळीच गवळीमामांना गाठायची. चार लिटर दूध जास्त हवंय, एवढं सांगून तिचं भागत नसे. कुठल्या म्हशीचं देणार, ती व्यायल्याला किती महिने झाले, सरकी घालताय का नुसत्या वाड्यावर, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्यावर आहे, अशी साग्रसंगीत चौकशी व्हायची. आमचं गाव शिरोळ तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. ऊसतोड सुरू झाली की गोठ्यागोठ्यात वाड्याचे भारे येऊन पडायचे आणि म्हशी दिवसभर तेच चघळत बसायच्या. मामाही तितक्याच गांभीर्याने उत्तर द्यायचे, "वैनी, थोरलीचं देतो तुमास्नी. व्याऊन पाच म्हयनं झालं तिला. काय काळजी करू नगा."

लहानपणी मला हा आईचा चोखंदळपणा वाटायचा. पुढे शाळेत रसायनशास्त्र शिकवू लागले, दुधावर थोडंफार वाचलं आणि लक्षात आलं की तिचा एकेक प्रश्न नेमका होता. नुकत्या व्यायलेल्या म्हशीला दूध भरपूर असतं, पण त्यात स्निग्धांश कमी. जसजसे महिने सरतात तसं दूध उतरत जातं आणि घट्ट होत जातं. अगदी आटत आलेल्या म्हशीचं दूध सगळ्यांत घट्ट, पण त्याला किंचित खारट चव येते. ते दूध निम्मं आटवलं की खारटपणा दुप्पट होऊन जिभेला लागतो. म्हणून आईला मधली म्हैस हवी असे. थंडीत फॅट चढते, उन्हाळ्यात उतरते. सरकी खाणाऱ्या म्हशीच्या दुधावर साय जाड धरते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. रोजच्या सायीवर बोट फिरवून ती शिकली होती.

बासुंदीत काय असतं? दूध, साखर, थोडी वेलची, थोडं जायफळ. म्हणजे खरं तर दूधच. म्हणून दुधाबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे.

गाईच्या दुधात साधारण चार टक्के स्निग्धांश असतो, म्हशीच्या दुधात साडेसहा-सातच्या घरात. बाकीचा मोठा भाग पाणी. म्हशीच्या शंभर ग्रॅम दुधात ८२-८३ ग्रॅम पाणीच असतं. आपण तासभर उभं राहून जे घालवतो ते हे पाणी. मी आता पुण्यात राहते, दारात गवळी येत नाही, पिशवीचंच दूध घेते. त्या पिशवीवर बारीक अक्षरांत जे छापलेलं असतं ते बासुंदी करणाऱ्याने जरूर वाचावं. फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के फॅट आणि ९ टक्के बाकीचे घन पदार्थ असावे लागतात. टोन्ड दुधात ३ आणि साडेआठ. टोन्ड दूध कितीही वेळ आटवलं तरी त्याला ती मखमल येत नाही. दाट होतं, पण जिभेवर कोरडं राहतं. आणखी एक शब्द पाहायचा, होमोजिनाइज्ड. अशा दुधात स्निग्धाचे थेंब दाबाखाली फोडून इतके बारीक केलेले असतात की ते वर तरंगून येत नाहीत. चहाला उत्तम. बासुंदीला मात्र सायच हवी असते, आणि अशा दुधावर ती पातळ, पापुद्र्यासारखी धरते. शक्य असेल तर ते टाळा.

दूध ताजंच हवं, यात तडजोड नको. कालचं दूध चहापुरतं तापवलं तर तगून जातं. पण त्यात थोडा आंबटपणा आलेलाच असतो, आणि पाणी उडत जातं तसा तोही दाटत जातो. मग पाऊण तास उभं राहिल्यावर, सगळं छान चाललंय असं वाटत असतानाच कडेला बारीक कण दिसू लागतात. काहीजण त्यावर चिमूटभर सोडा घालतात. मला ते पटत नाही. सोड्याने दूध सावरतं, पण चवीत साबणाची छटा येते आणि रंगही मळकट होतो.

भांडं रुंद हवं. उंच पातेल्यात तेच दूध आटायला कितीतरी जास्त वेळ लागतो, कारण वाफेला वाट लहान मिळते. आईकडे पितळेची मोठी कढई होती. दिवाळीआधी कल्हईवाला आला की तिला नंबर लावून कल्हई करून घ्यायची. कल्हई उडालेल्या पितळेत दूध कळकतं, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक होतं. मी जाड बुडाची स्टीलची कढई वापरते. दूध ओतण्याआधी ती गार पाण्याने विसळून घ्यायची, पुसायची नाही. आणि तळाशी एक लहान बशी उपडी ठेवायची. दूध उकळायला लागलं की बशीखालून वाफ धक्के देते, बशी हलत राहते आणि तळ धरत नाही. चिनी मातीची जुनी, कानाला टवका उडालेली एक बशी आमच्या घरात या एकाच कामासाठी राखून ठेवलेली असे. तिची ती खडखड ऐकू येत असली की स्वयंपाकघरात दुसरं काम करता येतं. खडखड मंदावली, आवाज दबका झाला, की समजायचं दूध दाटलं. आता बशी काढायची आणि पुढचा वेळ तिथेच उभं राहायचं.

आता सायीकडे येते. बासुंदीचा जीव तिच्यात आहे असं माझं ठाम मत आहे.

दूध मंद उकळतं तेव्हा पृष्ठभागावरचं पाणी सर्वांत आधी उडतं. तिथे प्रथिनं दाटतात, एकमेकांना धरतात आणि वर आलेला स्निग्धांश त्या जाळ्यात अडकतो. डोळ्यांना दिसते ती फक्त एक पातळ सुरकुती. मधून बुडबुडा येतो, सुरकुती ताणली जाते, एका जागी फुटते आणि कडेकडे सरकते. त्या क्षणी उलथण्याच्या कडेने ती हलकेच पुढे ढकलायची आणि कढईच्या भिंतीवर चिकटवून द्यायची. ढवळून बुडवायची नाही. भिंतीवर ती जरा कोरडी होते, कडा किंचित तपकिरी होते, तेवढ्यात दुधावर दुसरी सुरकुती आलेली असते. असं करत करत कढईच्या आतल्या बाजूने सायीचं एक कडं तयार होतं, थरावर थर. रबडी करणारा हलवाई हे कडं जपतो, जाड होऊ देतो आणि शेवटी मोठे तुकडे करून दुधात सोडतो. त्याच्या रबडीत दुधापेक्षा लच्छेच जास्त. बासुंदीला इतकं नको. दर सात-आठ मिनिटांनी कडेची साय खरवडून परत दुधात सोडायची, म्हणजे ती मऊ राहते. वाटीत घेतल्यावर चमच्यातून बासुंदी ओघळली पाहिजे आणि मधेच एखादा सायीचा रेशमी तुकडा जिभेला लागला पाहिजे. काही घरांत एकसारखं ढवळून अगदी गुळगुळीत बासुंदी करतात, काहींना रवाळ आवडते. मला मात्र साय जिभेला लागलीच पाहिजे.

कढईच्या भिंतीवर शेवटी जे चिकटून राहतं ती खरवड. तिच्यासाठी आम्ही भावंडं भांडायचो. तिची चव बासुंदीपेक्षा निराळी, किंचित खरपूस, किंचित खारट-गोड. आई कढई पुढ्यात घेऊन बसायची, कालथ्याने खरवडून प्रत्येकाच्या तळहातावर एकेक चिमूट ठेवायची. वाटणीत ती फार काटेकोर होती. धाकट्याला जास्त वगैरे काही नाही. हल्ली नॉनस्टिक भांड्यात बासुंदी करतात, सोय म्हणून मला ते समजतं, पण त्या भांड्याला खरवड धरत नाही. ज्या घरात लहान मुलं आहेत त्या घरात तरी साध्या कढईत करावी.

तासाभराने दुधाचा रंग बदलायला लागतो. म्हशीचं दूध मुळात पांढरंफेक असतं. गाईच्या दुधातला पिवळेपणा त्यात नाही, कारण गाईच्या दुधात उतरणारं कॅरोटीन म्हशीच्या दुधात येत नाही. तरीही चांगली बासुंदी बदामी दिसते. दुधातली साखर आणि प्रथिनं उष्णतेने एकमेकांशी जोडली जातात, त्यातून हा रंग येतो आणि वासही. लुई-कामीय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या क्रियेचं पहिल्यांदा वर्णन केलं. पावाचं खरपूस कवच, भाजलेली कॉफी, भाकरीवरचे डाग, सगळीकडे तीच क्रिया. ती दहावी-बारावीच्या मुलांना सांगताना मी नेहमी बासुंदीचंच उदाहरण द्यायचे आणि वर्ग एकदम जागा व्हायचा. सांगायचा मुद्दा असा की हा रंग वेळेने येतो. म्हणूनच मला दूध पावडर, कंडेन्स्ड मिल्क, कॉर्नफ्लोअर, कस्टर्ड पावडर घातलेली बासुंदी बासुंदी वाटत नाही. वीस मिनिटांत दाट होते हे खरं, पाहुण्यांना वाढायला पुरतेही. पण दाटपणा आला आणि आटवल्याची चव आलीच नाही, तर उपयोग काय? कॉर्नफ्लोअरची बासुंदी घोटभर गोड लागते आणि मग टाळूला पिठूळ चिकटते. वर केशरी रंगाचा थेंब टाकला की दिसायला तशीच दिसते, एवढंच. ज्यांना वेळ नाही त्यांनी त्या दिवशी शेवयांची खीर करावी. तीही सुंदर लागते, आणि तिला तेवढाच वेळ पुरतो.

साखर शेवटी. दोन लिटर दुधात मुळातच शंभर ग्रॅमच्या आसपास दुधाची स्वतःची साखर असते. दूध एक लिटरवर आलं की तेवढीच साखर निम्म्या दुधात दाटते, म्हणून आटलेलं दूध नुसतंही गोड लागतं. आधी चमचाभर चाखून पाहावं आणि मगच साखरेच्या डब्याला हात लावावा. मी दोन लिटरला सव्वाशे ग्रॅमच्या पुढे सहसा जात नाही. साखर पडली की बासुंदी एकदम सैल होते. घाबरायचं नाही, आणखी पाच-सात मिनिटं उकळू द्यायची. सुरुवातीलाच साखर घातली तर तळ लवकर धरतो आणि रंगही साखरेच्या करपण्याचा येतो. गार वाढणार असाल तर साखर किंचित चढी ठेवा, थंड पदार्थात गोडवा कमी जाणवतो. आणि आपल्याला हवी त्याहून थोडी पातळ असतानाच गॅस बंद करा. निवताना ती आणखी घट्ट होते. गुळाची बासुंदी करून पाहायचा मोह अनेकांना होतो. गुळात आंबटपणा असतो, उकळत्या दुधात तो टाकला की दूध फाटतं.

वेलची साखरेबरोबर खलात कुटावी, साल न काढता, आणि मग चाळावी. जायफळ दगडावर उगाळून किंवा बारीक किसणीवर चार फेरे, तेवढंच. पुरणाला लागतं तेवढं जायफळ बासुंदीला सोसत नाही. चारोळी घालण्याआधी एक दाणा चावून पाहावा, ती फार लवकर खवट होते आणि एक खवट दाणा अख्खी वाटी बिघडवतो. काजू-बदाम-पिस्त्यांचा ढीग मला आवडत नाही. दातांना काम लागलं की जीभ दुधाकडे लक्ष देत नाही.

आमच्या भागात बासुंदी म्हटलं की नरसोबाची वाडी. कृष्णा-पंचगंगेचा संगम, नृसिंहसरस्वतींच्या पादुका, घाटाच्या पायऱ्या, आणि देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पेढे, कवठाची बर्फी आणि बासुंदीची दुकानं. पौर्णिमेला आणि दत्तजयंतीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. आम्ही जायचो ते आडदिवशी. बाबा दर्शन घेऊन आले की एका ठरलेल्या दुकानापुढे थांबायचे. पुढ्यातच चुलाणावर मोठी कढई असायची, मालक एका हाताने गिऱ्हाईक करायचा आणि दुसऱ्या हाताने झारा चालवायचा, नजर मात्र कढईतून हलायची नाही. वाडीच्या बासुंदीला जी चव आहे ती कुणी पाण्याला देतं, कुणी देवाला. माझा विश्वास दोन्हीवर आहे, पण त्याहून जास्त गोठ्यांवर. नदीकाठची हिरवी वैरण, घरटी दोन-चार म्हशी, पहाटे काढलेलं दूध तासाभरात कढईत. त्या भागात दुधाची उलाढाल मोठी आहे. कोल्हापूर जिल्ह्याचा गोकुळ दूध संघ १९६३ पासून आहे, आणि कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून पेलाभर धारोष्ण दूध देण्याची रीत आहे. दूध नजरेसमोर पाहून घ्यायची सवय लागलेल्या लोकांना फसवून बासुंदी खपवता येत नाही.

तीच नदी पावसाळ्यात देवळात येते. पाणी पादुकांवरून जाऊन दक्षिण दाराने बाहेर पडतं, आणि त्या दक्षिणद्वाराच्या स्नानाला लोक लांबून येतात. पण २००५, २०१९ आणि २०२१ साली जे पाणी आलं ते सोहळ्याचं नव्हतं. शिरोळ तालुक्यात अशा वेळी माणसांआधी जनावरं हलवायची घाई होते. वैरण पाण्यात कुजते, म्हैस बुजते, दूध आटतं. २०१९ च्या पुरानंतरच्या दिवाळीत माहेरी गेले तेव्हा वहिनीने बासुंदीचा विषयच काढला नव्हता. गोठ्यातल्या दोन म्हशी गेल्या होत्या. तिने त्या वर्षी रव्याचे लाडू केले, आणि ते आम्ही सगळ्यांनी मुकाट खाल्ले.

भाऊबीजेला मात्र एरवी आमच्याकडे बासुंदीच. मामा येणार म्हणून. ऊन ऊन टम्म फुगलेली पुरी, बटाट्याची कोरडी भाजी, मसालेभात, काकडीची कोशिंबीर आणि कोमट बासुंदी. फ्रीजमधली गारढोण बासुंदी ही नंतरची पद्धत. मला ती कोमटच आवडते, गार केली की साय कडक होते आणि वेलची-जायफळाचा वास दबतो. पूर्वीच्या लग्नांच्या पंगतीत बासुंदी-पुरी असली की आग्रहाला ऊत यायचा, वाढपी द्रोण रिकामा राहू देत नसत. माझे मामा शांतपणे जेवायचे. पुरीचा तुकडा मोडायचे, तो वाटीत बुडवून वर उचलताना सायीचा एक तुकडा अलगद त्यावर घ्यायचे आणि डोळे मिटायचे. आई समोर उभी राहून फक्त एवढं पाहायची. "जमलीय," असं मामा म्हणायचे. तेवढा एक शब्द ऐकायला ती आदल्या दिवसापासून राबत असे, आणि तो ऐकला की मगच स्वतःचं पान घ्यायची. आज मला वाटतं, तिने मामांच्या बरोबरीनेच पानावर बसायला हवं होतं. आमच्या घरी आता मी सगळ्यांबरोबर बसते आणि पहिली वाटी जो दुधापाशी उभा होता त्याला मिळते. गेल्या दिवाळीत तो माझा जावई होता.

सीताफळाच्या दिवसांत पुरंदरची सीताफळं पुण्यात येतात, तेव्हा सीताफळाची बासुंदी होते. तिच्यात एकच पथ्य, गर कधीही गरम दुधात घालायचा नाही. तापवलेल्या सीताफळाला कडवटपणा येतो. बासुंदी पूर्ण निवू द्यायची, गार करायची, मग गर मिसळायचा. ही बासुंदी मात्र गारच खावी. यात वेलची-जायफळ काही नको.

लेक-जावई जर्मनीत असतात. तिचा फोन येतो, "आई, इथे म्हशीचं दूध कुठून आणू?" तिथलं साधं दूध गाईचं, साडेतीन ते पावणेचार टक्के फॅटचं. आम्ही दोघींनी कागदावर हिशेब मांडला. दोन लिटर दुधात ३२ टक्क्यांची दोनशे मिली क्रीम घातली तर एकूण फॅट सव्वासहा टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे आपल्या म्हशीच्या दुधाच्या जवळ. क्रीम दुधाचीच, त्यामुळे माझी हरकत नाही. सेंद्रिय मालाच्या दुकानात होमोजिनाइज न केलेलं दूध मिळतं, ते ती आणते. रंग आपल्यापेक्षा पिवळसर येतो, वास बराचसा तोच. पहिल्यांदा केली तेव्हा तिने फोन कढईजवळ टेकवून ठेवला होता. मला चित्र धड दिसत नव्हतं, पण बशीची खडखड स्वच्छ ऐकू येत होती. ती दबकी झाली तशी मी इकडून ओरडले, "काढ बशी!"

उरलेली बासुंदी दुसऱ्या दिवशी खाण्यात मजा आहेच, पण माझी एक जुनी आवड सांगते. तिच्यात मावेल तेवढी कणीक घालायची, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप, पाण्याचा थेंबही न लावता मळायची आणि तव्यावर जाडसर दशम्या भाजायच्या. आच मंद ठेवा, साखर असल्याने त्या पटकन लागतात. साध्या दुधातल्या दशमीपेक्षा या जास्त मऊ राहतात. प्रवासात लिंबाच्या लोणच्याबरोबर, नाहीतर नुसत्या लोण्याबरोबर.